बिजागरीतली निळी वायर

वॉशिंग मशीन रिकामं फिरवलं की शहाण्यासारखं वागतं. चादरी भरल्या की नाचतं.

“बंद करून चालू केलंत का?”

सासूबाईंच्या बहिणीचा चेहरा पडद्यावर थिजला, तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं.

निळा रंग मळला की काळा दिसत नाही, आजारी दिसतो.

दार लावताना माणसाची नजर कडीकडे असते.

“जोडलेली आहे की! डोळ्यांना दिसतेय ना?”

मित्रांनो, या ओळी कुठून कुठे गेल्या असं वाटलं ना? त्यांना जोडायचं काम माझं. राउटरला संगणकाशी जोडणारी निळी वायर असते, ती मी. जुनी, मळकी आणि आता कुणाच्याच उपयोगाची नाही अशी. स्वतःची कहाणी सांगायला तुमच्याकडे छत्री येते, पेन येतं, म्हातारं झाड येतं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती सांगताना माझ्या तोंडाला कडवटपणा येतो. तो मी लपवणार नाही.

आधी एक सूचना. मला एका जागी दुखापत आहे. तिथे दाब आला की माझ्यातून जाणारं बोलणं तुटतं. ही गोष्टही मधेच तुटेल. तेव्हा पुस्तक मिटू नका. थोडं थांबा. दार उघडलं की मी पुन्हा बोलेन.

*

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आठ बारीक तांब्याच्या तारा, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं कातडं, आणि दोघीदोघींना एकमेकींभोवती पीळ. केशरीला पांढरी-केशरी, हिरवीला पांढरी-हिरवी, अशा जोड्या. हा पीळ कशासाठी, तर एका जोडीचं बोलणं दुसऱ्या जोडीत जाऊ नये म्हणून. शेजारी राहायचं, पण कान द्यायचा नाही. हे किती अवघड असतं ते माणसांच्या घरात आल्यावर मला कळलं.

मग सगळ्यांवर मिळून एक निळी कातडी चढली आणि मला भल्या मोठ्या रिळावर गुंडाळलं. तेव्हा मी ‘मी’ नव्हते. न संपणारं काहीतरी होते. दुकानात माझा तुकडा कापला, दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या घातल्या, तेव्हा मला सुरुवात आणि शेवट मिळाला.

ज्या घरात मी आले ते दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, सासूबाईंची खुर्ची आणि भिंतीवर राउटर. आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि संगणक. मला राउटरपासून भिंतीच्या कडेकडेने आणलं, दाराच्या खालच्या बिजागरीजवळच्या फटीतून आत घेतलं आणि संगणकाच्या पाठीत खोचलं. संगणक जुना होता. हवेतून येणारं नेट त्याला पकडता येत नव्हतं. त्याला मीच हवी होते.

पहिले दिवस कौतुकाचे होते. ते नाकारून मी कृतघ्न होणार नाही. सासूबाईंनी तर माझ्यावरून हात फिरवला होता. त्यांची थोरली बहीण, त्यांची ताई, फार लांब राहायची. ती माझ्यातून पडद्यावर आली.

“ताई, किती वाळलीस गं! की हा पडदाच तुला बारीक दाखवतोय?”

“तू मात्र पडद्यात मावत नाहीस,” ताई म्हणाली. दोघी एवढ्या हसल्या की माझ्या सगळ्या जोड्यांना गुदगुल्या झाल्या.

घरातला नवरा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, मोबाईलच्या दुकानात काचा आणि कव्हरं विकायचा. त्यामुळे घरातला तंत्रज्ञ तोच. कुणी विचारलं की मला दाखवून सांगायचा, “वायरची गोष्टच वेगळी. वायर कधी दगा देत नाही.”

आणि सून? तिने माझं कौतुक केलं नाही. तिने मला कामाला लावलं.

*

सुनेला वॉशिंग मशीनच्या एका कंपनीच्या तक्रार केंद्रात काम मिळालं होतं. घरी बसून करायचं. कानाला हेडफोन लावायचा, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, सांगता आलं तर उपाय सांगायचा. आधी काही महिने उमेदवारी, मग परीक्षा, आणि त्यात पास झाली तर कायमची नोकरी. लग्नाआधी ती दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसायची. लग्नानंतर ते सुटलं. तेव्हापासून कुणी विचारलं, सून काय करते, की सासूबाई म्हणायच्या, “काही नाही, ती घरीच असते.” सासूबाईंच्या मनात त्यात वाईट काहीच नव्हतं. पण हे वाक्य ऐकलं की सुनेचे हात थांबायचे. पोळपाट असो की केरसुणी, क्षणभर थांबायचेच. ते वाक्य तिला पुसायचं होतं. तिला एवढंच हवं होतं.

कामात ती हुशार होती. हे मी ऐकीव सांगत नाही. तिचा शब्दन्‌शब्द माझ्यातून जायचा.

“अहो बाई, मशीन नाचतंय! काल तर न्हाणीघराच्या बाहेर निघालं होतं!”

“काका, कधी नाचतं? कपडे भरल्यावर, की रिकामं असतानाही?”

“रिकामं कोण येडा फिरवतो?”

“आज आपण फिरवू. मी थांबते.”

काका फिरवायचे. मागून काकूंचा आवाज यायचा, ‘बिल वाढवा अजून.’ मग काका कुजबुजायचे, “रिकामं गप आहे हो!”

“मग मशीन बरं आहे. तुम्ही सगळ्या चादरी एका बाजूला कोंबताय.”

‘कधी?’ हा तिचा प्रश्न होता. बिघाड काय आहे ते लोकांना सांगता येत नाही, पण कधी होतो ते सांगता येतं, असं ती तिच्यामागून कामाला लागलेल्या मुलींना शिकवायची. मित्रांनो, हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे तो तिला कुणी विचारला नाही.

कंपनीचा एक कडक नियम होता. घरातला आवाज ग्राहकाला ऐकू जाता कामा नये. एकदा शिट्टी झाली आणि समोरची बाई म्हणाली, “तुमचा कुकर उतरवा आधी, मी थांबते.” ती बाई हसत होती. काम तपासायला कंपनीच्या मॅडम मधूनमधून वरून फोन ऐकायच्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी गुण कापले.

मग सून दार लावून बसू लागली.

दार लागलं की बिजागरीजवळची फट मिटते. त्या फटीत मी होते. नुसतं लोटलं तर मला चिमटा बसायचा. घट्ट ओढलं तर हाडं चेपायची. रोज. रोज त्याच जागी. आधी माझी निळी कातडी चपटी झाली, मग तिच्याखालची हिरवी जोडी, आणि एके दिवशी सासूबाईंनी बाहेरून दार दाबून लावलं तेव्हा त्या जोडीतल्या पांढऱ्या-हिरव्या तारेला



हं. उघडलं.

तारेला चीर गेली, असं सांगत होते. पूर्ण तुटली असती तर बरं झालं असतं. मेलेली वायर कळते. मी मेले नव्हते. दार उघडं असलं की तुटलेली टोकं एकमेकींना टेकून उभी राहायची आणि सगळं सुरळीत चालायचं. दार घट्ट लागलं की ती सरकायची, आणि सुनेचं वाक्य माझ्या मध्यावर येऊन पडून राहायचं.

आता पाहा काय व्हायचं. नेट जायचं. सून हेडफोन काढायची, घाईने दार उघडायची, बाहेरच्या खोलीत राउटरकडे धावायची. दार उघडलेलं असायचं, म्हणून ती पोचेपर्यंत राउटरचा दिवा पुन्हा हिरवा. ती परत यायची, दार हलकेच लोटायची, आणि कधी कधी तासभर काही व्हायचं नाही. मग सासूबाईंचा टीव्ही मोठा व्हायचा, सून उठून दार नीट लावायची, आणि पुन्हा तेच.

*

तक्रार केंद्रातल्या बाईला इंटरनेटवाल्यांच्या तक्रार केंद्रात फोन करावा लागला.

“बंद करून चालू केलंत का, मॅडम?”

“चार वेळा केलं.”

“परत एकदा करा. राउटरवर कुठला दिवा दिसतोय?”

सून दार उघडून बाहेर गेली. “हिरवा.”

“मग चालू आहे, मॅडम. आणखी काही मदत करू शकतो?”

“अहो, आत्ता चालू आहे. मघाशी नव्हतं.”

“मघाशीची तक्रार आत्ता नोंदवता येत नाही, मॅडम.”

संध्याकाळी नवरा यायचा. संध्याकाळी काम नसायचं, म्हणून दार सताड उघडं. तो खुर्चीत बसून एक गेम चालवायचा, एक सिनेमा चालवायचा, हात झटकायचा. “हे बघ. पळतंय नुसतं. तू बसलीस की जातं, मी बसलो की येतं. हातगुण म्हणतात याला.”

“आमच्या वेळी तार यायची,” सासूबाई बाहेरून म्हणायच्या. “दोन शब्दांची असायची, पण पोचायची.”

पहिल्या वेळी सूनही हसली. दुसऱ्या वेळी ती हसली नाही, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

संगणक मात्र खरं बोलत होता. नेट गेलं की कोपऱ्यात लाल फुली यायची आणि शेजारी स्पष्ट अक्षरं: नेटवर्क केबल जोडलेली नाही. सुनेने त्याचा फोटो काढून नवऱ्याला दाखवला. त्याने संगणकाच्या मागे हात घालून मला उपसलं, पुन्हा खोचलं, टक् असा आवाज आला. राउटरकडचं टोकही तसंच काढून घातलं. “जोडलेली आहे की! डोळ्यांना दिसतेय ना? मशीनला अक्कल नाही, काहीही लिहितं.”

मला दोन टोकं आहेत हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला मध्य आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग इंटरनेटवाल्यांचा माणूस आला. तो चांगल्या स्वभावाचा होता, पण त्याला अजून पुष्कळ घरं करायची होती. त्याच्या येण्याजाण्यासाठी दार उघडं. त्याने राउटर बदलला. माझ्या दोन्ही टोकांच्या टोप्या कापून नव्या बसवल्या. संगणकावर वेग मोजला. आकडा भरपूर आला.

“झकास चालतंय. काय प्रॉब्लेम आहे?”

“मी कामाला बसले की जातं,” सून म्हणाली.

“म्हणजे लोड येतो.”

“लोड कसला? नुसतं बोलायचं असतं हो. आणि फक्त मी एकटी असले की जातं. तुम्ही कुणी असलात की जात नाही.”

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. दोघंही किंचित हसले, आणि ते हसू तिने पाहिलं. ती उत्तराच्या अगदी दाराशी आली होती, मित्रांनो. आपण एकटे असतो तेव्हा खोलीत वेगळं काय असतं, एवढं एकाने विचारायचं होतं. तिने दुसऱ्या कुणासाठी नक्की विचारलं असतं. पण स्वतःच्याच घरात चेष्टा होऊ लागली की माणूस बिघाड शोधत नाही, स्वतःची बाजू मांडत बसतो.

नवऱ्याने शेवटचा उपाय म्हणून संगणक पूर्ण पुसून नव्याने भरला. त्यात सुनेने जमवलेले मशीनच्या भागांचे फोटो गेले, ग्राहकांना समजावायला ती वापरायची ते. “तुला बॅकअप घ्यायला नको?” तो म्हणाला. ती म्हणाली, “पुसणार आहेस हे तरी सांगायचंस.” तो म्हणाला, “तुझ्यासाठीच करतोय ना मी, रात्रंदिवस तुझं नेट नेट नेट, माझ्याही डोक्याला काही”



वाऱ्याने दार लागलं होतं. भांडण माझ्यातून जात नव्हतं, तरी तेही तिथेच तुटलं. सून बाहेर निघून गेली होती.

*

परीक्षेचा दिवस ठरला. सकाळचा एक तास. खऱ्या ग्राहकांचे फोन, आणि वरून मॅडम ऐकणार. फोन मधे तुटला तर ग्राहकाचं नुकसान, म्हणून ती सगळ्यात मोठी चूक.

आदल्या दिवशी सून सासूबाईंजवळ बसली. भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, उद्या तेवढा एक तास...”

“टीव्ही बंद ठेवते.”

“आणि कुकर...”

“अगं, श्वास घेऊ ना तेवढा?” सासूबाई म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, “झालं हे काम, तर मी ताईला सांगणार आहे. आमची सून कंपनीत आहे म्हणून.”

 सुनेने एक शेंग चार वेळा मोडली.

सकाळी सासूबाई सैन्यात भरती झाल्यासारख्या वागल्या. टीव्हीची पिनच काढली. दारावरची घंटा वाजू नये म्हणून बाहेरचं दार उघडून ठेवलं आणि आलेल्या इस्त्रीवाल्याला बोटानेच परतवलं. मुलाला दुकानात लवकर पिटाळलं. मग त्या आतल्या खोलीच्या दाराशी आल्या.

“लागलं का गं नीट? फट राहिलीय बघ.”

त्यांनी दार दाबून लावलं. आजवर कुणी लावलं नव्हतं इतकं घट्ट. खालच्या फटीत दुमडलेली सतरंजी सारली. मग आपली खुर्ची ओढत आणली, दाराला टेकवली आणि वर स्वतः बसल्या.

“बिनघोर बोल तू. मी आहे इथे.”

मित्रांनो, त्या बाईने आयुष्यात सुनेवर एवढी माया क्वचितच केली असेल. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं.

पहिले काही क्षण मी धरून ठेवलं. तुटलेलं टोक दुसऱ्या टोकाला कसंबसं चिकटून होतं. फोन आला. एक काकू होत्या, मशीनखाली तळं साचतंय म्हणत होत्या. सुनेचा आवाज स्थिर होता, पूर्वीसारखा. “काकू, घाबरू नका. मला सांगा, पाणी कधी येतं? मशीन भरताना, की सोडता”







त्या रिकाम्या जागेत काय झालं ते मला नंतर ऐकून कळलं. लाल फुली आली. सून दाराकडे धावली. दार उघडेना.

“आई, दार!”

“बोल गं तू, कुणी येत नाही! मी बसलेय!”

“आई, दार उघडा!”

“घाबरू नकोस, शांतपणे बोल!”

सासूबाईंना वाटलं, पोरगी घाबरली आहे. त्यांनी पाठ आणखी टेकवली. सुनेने दारावर दोन्ही हात आपटले तेव्हा कुठे त्या उठल्या. दार उघडलं, मी जिवंत झाले, राउटर हिरवा झाला. भांबावलेल्या सुनेने हेडफोन कानाला लावला. काकू गेल्या होत्या. मॅडमही.

दुपारी मॅडमचा फोन आला. बोलल्या चांगलं. आवाज चांगला, समजावणं चांगलं, ग्राहक खूश. “पण घरची जोडणी भरवशाची नाही. संधी पुष्कळ दिल्या. आमचाही नाइलाज आहे.”

सासूबाईंनी टीव्हीची पिन परत लावली नाही. दोन दिवस ते घर बिनआवाजाचं होतं, आणि आता आवाज झाला असता तरी कुणाचं बिघडणार नव्हतं.

*

एका सुट्टीच्या दिवशी नवरा मला गुंडाळायला बसला. संगणक कुणाला तरी द्यायचा होता. राउटरकडून गुंडाळत गुंडाळत तो दारापर्यंत आला आणि त्याचं बोट अडकलं.

“अरे, ही इथे चेपलीय बघ,” तो सहज म्हणाला.

सून स्वयंपाकघरातून आली. मला हातात घेतलं. मग बिजागरीकडे पाहिलं.  तिने मला पुन्हा फटीतून घेतलं, दोन्ही टोकं खोचली, संगणक सुरू केला. दार लावलं. लाल फुली. दार उघडलं. फुली गेली. लावलं. उघडलं. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. पुन्हा लावलं.

“पुरे गं,” सासूबाई म्हणाल्या. “मी तर तुझ्यासाठीच...”

“माहीत आहे, आई.”

नवरा मला बघत होता, तिला नाही. “इतके दिवस दार लावलं की जात होतं, मग तसं सांगायचं ना!”

सून त्याच्याकडे बघत राहिली. मी पुष्कळ शब्द वाहून नेले आहेत, पण तेव्हा जे ती बोलली नाही ते मला पेललं नसतं.

तिने मॅडमना फोन केला. दोष सापडला, वायर होती, आता नवी आणते. मॅडम म्हणाल्या, बरं झालं सापडला. जागा मात्र भरली.

नवी वायर आली नाही. कशासाठी आणायची? सासूबाईंच्या ताईने एकदा फोनवर विचारलं, सून काय करते. सासूबाईंनी ‘ताई, तुझ्या गुडघ्याचं सांग’ म्हणून विषय बदलला. ते जुनं वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. आता त्या जागी काहीच नसतं, आणि सुनेचे हात तिथेही थांबतात.

मला मधोमध कापलं. अर्ध्या वायरीने माळ्यावर जुन्या गादीची वळकटी बांधली आहे. तीच मी बोलते आहे. दुसऱ्या अर्धीचं काय झालं ते ठाऊक नाही. आता कुठलंच दार मला लागत नाही; गोष्ट मधे तुटली ती त्या दाराच्या आठवणीनेच.

अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडतो आणि म्हणतो, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मी वायर आहे, माझ्यासारखी दुसरी दुकानात मिळते. वायर दारात घालू नका, घातलीच तर तिच्या अंगावरून बोट फिरवून बघत जा, एवढं सांगते आणि ते पुरे. माझी विनंती दुसरी आहे. घरातलं माणूस ‘मी एकटी असले की होतं’ असं म्हणालं, तर हसण्याआधी त्याच्या खोलीत जा, त्याच्यासारखं दार लावा, आणि त्याच्या खुर्चीत बसून बघा.

मला बसवायला आलेल्या माणसाकडे भिंतीला भोक पाडायचं यंत्र होतं. त्याने विचारलं तेव्हा सून “पाडा” म्हणाली होती आणि नवरा “कशाला, दार आहे की” म्हणाला होता.